मुलीच्या फिट्ससाठी कीटो आहार करावा का, आणि घरातल्या बाकीच्यांनी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी ६ वर्षांची, वजन १६ किलो, तीन औषधं चालू असूनही दिवसातून बऱ्याच वेळा झटके येतात. मेंदूच्या डॉक्टरांनी कीटो आहार (कर्बोदकं जवळपास बंद, चरबी भरपूर) सुचवलाय. सासूबाई म्हणतात, पोरीला उपाशी मारणार का. दीर जिममध्ये कीटो करून बारीक झालाय, तो म्हणतो मीच तक्ता करून देतो. शिवाय हाच आहार आता बायपोलर, अल्झायमर आणि कॅन्सरवरही चालतो असं तुम्ही वाचलंय. सासऱ्यांना मधुमेह आहे, हल्ली ते विसरायलाही लागलेत. मग सगळ्या घराचा एकच स्वयंपाक केला तर?

आधी उत्तर देते, कारणं मागून. मुलीसाठी जरूर करा, पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखाली. दिराचा तक्ता नको. आणि सासऱ्यांना हा आहार परस्पर अजिबात सुरू करू नका. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या कुठल्या आहेत यावर हे त्यांच्या जिवावरही बेतू शकतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

मी लहान मुलांच्या मेंदूविकार विभागात आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. अमुक आहाराने अमुक आजार बरा होतो असं कुणी सांगितलं की मी एकच विचारते: तुलना कोणाशी केली? फिट्सचा आजार चढउताराचा. एखादा महिना काही न करताही बरा जातो, आणि नवा उपाय आपण नेमका सगळ्यात वाईट महिन्यात सुरू करतो. त्यामुळे उपाय सुरू केला आणि झटके कमी झाले, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. तुम्ही वाचलेल्या सगळ्या बातम्यांना हा प्रश्न लावून बघा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

फिट्सच्या बाबतीत या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे, पण ते मिळायला फार वेळ लागला. १९११ च्या सुमारास पॅरिसमधल्या डॉक्टरांनी उपवासाने फिट्स कमी होतात असं नोंदवलं होतं. पण उपवास काही जन्मभर करता येत नाही. १९२१ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी त्यावर तोड काढली. उपवासात शरीर चरबी जाळतं आणि त्यातून कीटोन तयार होतात. मग कर्बोदकं जवळपास बंद करून चरबीच खायला दिली, तर पोटही भरेल आणि कीटोनही तयार होत राहतील. ‘कीटोजेनिक’ हे नाव त्यांनीच दिलं. १९२५ मध्ये तिथल्याच मायनी पीटरमन यांनी मुलांसाठी हिशेब बसवला: वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम प्रथिनं, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं, बाकी सगळी चरबी. शंभर वर्षं उलटली तरी आमचे तक्ते साधारण याच चौकटीत बसतात. १९३८ मध्ये फिट्सवरचं फेनिटॉइन हे औषध आलं. वाट्या मोजण्यापेक्षा गोळी गिळणं केव्हाही सोपं, त्यामुळे हा आहार मागे पडत गेला.

तो परत आला एका बापाच्या हट्टाने. १९९३ मध्ये हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या तान्ह्या मुलाला फिट्स सुरू झाल्या. औषधं झाली, मेंदूची शस्त्रक्रिया झाली, काही उपयोग झाला नाही. वडिलांनी स्वतः जुनी पुस्तकं चाळून हा आहार शोधला आणि मुलाला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नेलं. तिथे जॉन फ्रीमन हे डॉक्टर आणि मिलिसेंट केली या आहारतज्ज्ञ हा आहार अजून टिकवून होते. मुलाच्या फिट्स थांबल्या. १९९४ मध्ये अब्राहम्स यांनी मुलाच्या नावाने ‘चार्ली फाउंडेशन’ काढलं आणि पालकांचा रेटा सुरू झाला. पण रेटा म्हणजे पुरावा नव्हे. तो यायला २००८ साल उजाडलं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाच्या पुढाकाराने २ ते १६ वर्षांच्या १४५ मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली गेली. काहींना आहार लगेच दिला, बाकीच्यांची औषधं तशीच ठेवून त्यांना तीन महिने थांबवलं. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून जास्त कमी झाल्या होत्या. थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण होतं ६ टक्के. औषधांना दाद न देणारी मुलं होती ही, म्हणून हा फरक मोठा.

आपल्याकडे दिल्लीच्या एम्सने यात फार मोलाचं काम केलंय आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही. २०१३ मध्ये त्यांनी २ ते १४ वर्षांच्या १०२ मुलांवर सुधारित अ‍ॅटकिन्स नावाचा थोडा सैल आहार तपासला. निम्म्याहून जास्त फरक पडलेली मुलं आहार गटात ५२ टक्के होती, दुसऱ्या गटात साडेअकरा टक्के. २०२० मध्ये तिथल्याच गटाने १७० मुलांमध्ये तीन प्रकारचे आहार समोरासमोर ठेवले: कडक कीटो, सुधारित अ‍ॅटकिन्स आणि कमी ग्लायसेमिक इंडेक्सचा, म्हणजे रक्तातली साखर सावकाश वाढवणाऱ्या पदार्थांचा आहार. २४ आठवड्यांनी फिट्समधली घट (मुलं क्रमाने लावली तर बरोबर मध्यावर येणाऱ्या मुलाची) अनुक्रमे ६६, ४५ आणि ५४ टक्के. म्हणजे कडक आहार आकड्यात पुढे राहिला, पण सगळ्यात सैल आहारानेही बऱ्यापैकी काम केलं आणि त्याचा त्रासही सगळ्यात कमी झाला. दिल्लीतच कमी शिकलेल्या आईवडिलांसाठी वजनकाट्याऐवजी घरगुती मापांवर बसवलेला सोपा आहारही अशाच तुलनेने तपासला गेला आणि तो चालला. ‘हे सगळं शिकलेल्या, पैसेवाल्या घरांचं काम’ असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

याच आकड्यांची दुसरी बाजूही बघा. लंडनमधल्या ६२ टक्के मुलांना तेवढा फायदा झाला नाही. तुमची मुलगी कुठल्या बाजूला पडेल हे आधी सांगता येत नाही. काही आजारांत मात्र अंदाज बांधता येतो. ड्रावे सिंड्रोम, तान्ह्या मुलांचे इन्फन्टाइल स्पाझम, ट्यूबरस स्क्लेरोसिस, अचानक मान टाकून कोसळायला लावणाऱ्या काही फिट्स, यांत आहार चांगली साथ देतो. आणि एक आजार असा आहे की त्यात हा आहारच पहिलं औषध. त्याचं नाव ग्लूट-१ कमतरता. रक्तातली साखर मेंदूत नेणारं प्रथिन नीट काम करत नाही, म्हणून रक्तात साखर पुरेशी असूनही मेंदू उपाशी राहतो. कीटोन दुसऱ्या वाटेने मेंदूत शिरतात, त्यामुळे मेंदूला इंधन मिळतं. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं तर त्यात साखर कमी सापडते, जनुकाची तपासणीही होते. तुमच्या मुलीची ही तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. सकाळी उपाशीपोटी झटके वाढत असतील तर नक्कीच.

बाकीच्या मुलांमध्ये हा आहार नेमका कसा काम करतो याचं एकच उत्तर नाही. कीटोन मेंदूच्या पेशींना स्थिर इंधन देतात, हा एक भाग. चरबीतलं डेकॅनोइक आम्ल मेंदूतल्या उत्तेजना वाढवणाऱ्या एका रिसेप्टरला थेट अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की आहाराने आतड्यातले जिवाणू बदलतात आणि ते जिवाणू काढून टाकले तर फिट्सपासून मिळणारं संरक्षणही जातं. उंदरांचं संशोधन आहे, पण जिवाणूंची गोळी विकणाऱ्यांनी ते लगेच उचललं. तुम्ही त्या भानगडीत पडू नका.

आता स्वयंपाकघर. कडक आहारात ४ ग्रॅम चरबीमागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम, असं प्रमाण असतं. चरबीच्या ४ ग्रॅमचे ३६ उष्मांक आणि बाकीच्या १ ग्रॅमचे ४, असे ४० उष्मांकांचं एक एकक झालं. तुमच्या मुलीला दिवसाला समजा १२०० उष्मांक ठरवले, तर ३० एककं. म्हणजे १२० ग्रॅम चरबी आणि बाकीचं सगळं मिळून ३० ग्रॅम. त्यातली १८ ग्रॅम प्रथिनं वाढीसाठी राखली की कर्बोदकांना उरतात १२ ग्रॅम. पूर्ण दिवसाची. एका मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते आणि त्यात २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. एक कप दुधात ९-१० ग्रॅम. म्हणजे अर्धी पोळी, नाहीतर एक कप दूध, की दिवसाचा कोटा संपला. वरण प्रथिनांचं म्हणून आपण देतो, पण तुरीच्या डाळीत निम्म्याहून जास्त कर्बोदकंच असतात.

म्हणून दिराचा तक्ता नको म्हटलं. जिमच्या कीटोत चिकन, पनीर, व्हे प्रोटीन मनसोक्त चालतं. मोठ्या माणसाचं वजन उतरायला तेवढं पुरतं. तुमच्या मुलीच्या कडक आहारात प्रथिनं जास्त झाली तरी कीटोन पडतात, कारण शरीर प्रथिनांपासूनही साखर बनवतं. आणि कमी झाली तर तिची उंची खुंटते. दोन्हीकडून मार.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तर असं की उपाशी ठेवायची गरज नाही. पूर्वी सुरुवातीला एक-दोन दिवस उपाशी ठेवायची पद्धत होती. २००५ मध्ये फिलाडेल्फियात उपाशी ठेवून आणि हळूहळू प्रमाण वाढवत अशा दोन्ही पद्धतींची तुलना झाली. तीन महिन्यांनी परिणाम सारखाच, आणि हळूहळू सुरू केलेल्या मुलांना त्रास कमी. उष्मांकही पुरते असतात. आणि त्या उपवास म्हणतील म्हणून सांगते, आपला उपवास आणि हा आहार यांचा काही संबंध नाही. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते खरंच आहे. कोरड्या साबुदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, वरीतही भरपूर. खिचडी खाऊन कीटोन तयार व्हायचे नाहीत.

ताटात मग काय येतं? लोण्यात केलेलं ऑम्लेट, साय घातलेली पनीर भुर्जी, तुपात परतलेली मेथी किंवा पालक, काकडी, कोबी, दुधी. ओल्या नारळाचं दाट दूध हे तर वरदान. कोकणातल्या घरांना हा आहार जरा कमी परका वाटतो, तो नारळामुळे आणि बांगड्यामुळे. जवसाची पूड, शेंगदाण्याचं कूट आणि किसलेलं खोबरं अंड्यात भिजवून थालीपिठासारखं थापता येतं, भरपूर तेल सोडून. शेंगदाण्यातही कर्बोदकं आहेत, तेव्हा कूट मूठभर घालायचं नाही, वजन करून घालायचं. भाज्यांचं वजनही करायचं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून: ताटाला, वाटीला, चमच्याला लागलेलं तूप आणि साय बोटाने किंवा रबरी उलथन्याने निपटून तिच्या पोटात गेली पाहिजे. वाटीला चिकटून राहिलेलं तूप म्हणजे बुडालेला डोस. आईवडिलांना पहिल्या आठवड्यात हे वेड्यासारखं वाटतं, नंतर मूलच वाटी चाटून दाखवतं.

सहा वर्षांच्या मुलीसाठी कडक आहार की सुधारित अ‍ॅटकिन्स, हा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्या. माझा कल विचाराल तर, दिवसातून अनेक झटके असतील, घरी स्वयंपाक करणारं खात्रीचं माणूस असेल आणि मुलगी अजून हट्टाला पेटण्याच्या वयाची नसेल, तर कडक आहाराने सुरुवात करून नंतर सैल करावा. घरात माणूसबळ कमी असेल तर थेट सुधारित अ‍ॅटकिन्स. त्यात मुलांना सुरुवातीला दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मोजायची, प्रथिनं मोजायची नाहीत, चरबी मात्र आग्रहाने वाढायची. दोन महिन्यांत कंटाळून सोडलेल्या कडक आहारापेक्षा टिकलेला सैल आहार बरा.

सुरू करण्याआधी रक्ताच्या काही तपासण्या लागतात. त्या टाळू नका. चरबी जाळण्याच्या यंत्रणेतच जन्मजात दोष असेल, कार्निटिनची कमतरता असेल, पायरुवेट कार्बोक्झिलेजची कमतरता किंवा पॉर्फिरिया असेल, तर हा आहार मुलाला मृत्यूच्या दारात नेऊ शकतो. जिथे कुणी या तपासण्यांचं नावही न घेता तक्ता हातात देईल, तिथून उठून या.

पहिला आठवडा शक्यतो रुग्णालयात काढावा. या दिवसांत साखर खाली जाणं, उलट्या, मरगळ, पाणी प्यायला नकार, हे होऊ शकतं. घरी आलात की लघवीची पट्टी. पट्टी बुडवायची, डबीवर लिहिलेले सेकंद मोजायचे आणि डबीवरच्या रंगांशी जुळवायची. फिकट गुलाबी म्हणजे कीटोन कमी, गडद जांभळी म्हणजे भरपूर. सकाळी आणि संध्याकाळी, वहीत तारखेसह, शेजारी त्या दिवसाचे झटके. बोटातून रक्त काढून मोजायचं यंत्र जास्त अचूक, पण त्याच्या पट्ट्या महाग पडतात. रोजच्या कामाला लघवीची पट्टी पुरते.

एका मुलाची सकाळची पट्टी गडद आणि संध्याकाळची फिकट, असं सारखं व्हायला लागलं होतं. तक्ता तपासला, तेलाचं माप तपासलं, शाळेतल्या डब्याची चौकशी केली. शेवटी आईने पिशवी रिकामी केली तेव्हा सर्दीसाठी चालू असलेली होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली निघाली. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या, दिवसातून कितीदा तरी. त्या साखरेच्याच असतात. गोळ्या बंद केल्या आणि पट्टी परत गडद झाली. अशा चोरवाटा पुष्कळ. तापाचं सिरप, खोकल्याचं सिरप, अँटिबायोटिकचं सिरप, चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, शाळेतल्या वाढदिवसाची चॉकलेटं, देवळातले साखरफुटाणे. जुलाब झाले की आपण ओआरएस देतो, त्यातही ग्लुकोज असतं. सिरपवर ‘शुगर-फ्री’ लिहिलं तरी मागच्या बाजूला सॉर्बिटॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिन आहे का बघा. शक्य तिथे डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या आणि ती कुटून द्या.

दुष्परिणाम लपवत नाही. बद्धकोष्ठ बऱ्याच मुलांना होतो. मूतखडे होऊ शकतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी पोटॅशियम सायट्रेट सुरुवातीपासूनच देतात. मुलीच्या तीन औषधांत टोपिरामेट किंवा झोनिसामाइड असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून आठवण करून द्या, कारण खड्यांचा आणि रक्तातल्या आम्लाचा धोका त्यांनीही वाढतो. कोलेस्टेरॉल चढतं, बऱ्याच मुलांत पुढे खाली येतं. उंची थोडी मागे राहू शकते, हाडं ठिसूळ होऊ शकतात. व्हिटॅमिनं, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व बिनसाखरेचं, रोज. सेलेनियमची कमतरता क्वचित होते, पण ती हृदयाला बाधते. म्हणून तीन-तीन महिन्यांनी तपासणीला यायचं ते फक्त वजन करायला नाही.

तीन महिने द्या. तेवढ्यात वहीत काहीच फरक दिसला नाही तर आहार हळूहळू बंद करायचा, कुणाला दोष द्यायचा नाही. फरक पडला तर साधारण दोन वर्षं चालवतात आणि मग काही महिन्यांत उतरवत नेतात. फिट्स पूर्ण थांबलेल्या मुलांपैकी बहुतेकांना आहार सोडल्यावरही त्या परत येत नाहीत. या आहारातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच. पहिल्याच महिन्यात फिट्स कमी झाल्या म्हणून स्वतःहून औषध कमी करायचा मोह मात्र आवरा.

आता बाकीच्या आजारांबद्दल. सध्या सगळ्यात जास्त बोलबाला मानसिक आजारांचा आहे, आणि त्यामागे तर्क आहे. व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही फिट्सची औषधं बायपोलरमध्येही दिली जातात. मग फिट्सवर चालणारा आहार तिथे का चालू नये, हा प्रश्न रास्तच. अमेरिकेत हार्वर्डशी जोडलेल्या मॅक्लीन रुग्णालयाचे ख्रिस पामर यांनी २०१७ मध्ये काही रुग्णांच्या कहाण्या मांडल्या. २०२४ मध्ये स्टॅनफोर्डच्या शेबानी सेठी यांच्या गटाचा अभ्यास आला: २१ जण, त्यातले १६ बायपोलरचे आणि ५ स्किझोफ्रेनियाचे, चार महिने आहार, औषधं चालूच. वजन सरासरी १० टक्क्यांनी उतरलं, चयापचयाचे आकडे सुधारले, आणि बहुतेकांना मानसिक लक्षणांतही फायदा नोंदवला गेला. एडिंबरामध्येही बायपोलरच्या रुग्णांवर असाच छोटा अभ्यास झालाय.

तुलना कोणाशी? कोणाशीच नाही. दोन्ही अभ्यासांत दुसरा गट नव्हता. आहार घेणाऱ्याला आपण आहार घेतोय हे माहीत, त्याला दर आठवड्याला कुणीतरी फोन करून विचारपूस करतंय, वजन उतरतंय, झोप सुधारतेय. यातलं किती कीटोनचं आणि किती बाकीच्याचं? ओलान्झापिनसारख्या औषधांनी वजन वाढून हैराण झालेल्या माणसाचं वजन उतरलं तर मनही हलकं होणारच, आणि तेवढाही फायदा छोटा नाही. पण त्याला ‘कीटोने स्किझोफ्रेनिया बरा होतो’ असं म्हणता येत नाही. गंमत अशी की इथेही मागे पालकच आहेत. रोब्लॉक्स या गेम कंपनीचे सहसंस्थापक डेव्हिड बझुकी यांच्या मुलाला बायपोलरमध्ये या आहाराचा फायदा झाला, आणि आज या संशोधनाला त्यांच्या कुटुंबाचा मोठा पैसा मिळतोय. फिट्सचं संशोधन १९९४ मध्ये जिथे होतं, साधारण तिथे मानसिक आजारांचं संशोधन आज आहे. तिथून २००८ पर्यंत पोचायचं बाकी आहे. नात्यात कुणी लिथियमवर, म्हणजे बायपोलरच्या एका औषधावर असेल तर त्यांनी घरच्या घरी हा प्रयोग करू नये. आहाराच्या सुरुवातीला शरीरातून पाणी आणि मीठ निघून जातं, त्यामुळे लिथियमची रक्तातली पातळी वर जाऊ शकते, आणि लिथियममध्ये औषध आणि विष यांतलं अंतर थोडंच असतं.

कॅन्सरवर मी फार लिहीत नाही. गाठीच्या पेशी साखर खातात, साखर बंद केली की गाठ मरेल, हे ऐकायला सरळ वाटतं. जर्मनीत मेंदूची गाठ परत आलेल्या ५० रुग्णांवर, किरणोपचारांच्या वेळी कीटो आहार आणि उपवास यांची नेहमीच्या आहाराशी तुलना झाली. २०२० मध्ये निकाल आला: गाठ वाढण्याच्या वेगात फरक नाही. २०१८ मधल्या उंदरांच्या एका अभ्यासात काही औषधांच्या जोडीला हा आहार उपयोगी पडला, आणि त्याच अभ्यासात रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये नुसत्या आहाराने आजार उलट वेगाने वाढला. केमो चालू असलेल्या, आधीच वजन घटलेल्या माणसाचा भात-पोळी काढून घेऊ नका.

सासऱ्यांकडे येते. विसरण्याच्या आजारात मेंदूची साखर वापरण्याची क्षमता घटते, कीटोन वापरण्याची बरीचशी शाबूत राहते, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलंय. न्यूझीलंडमध्ये अल्झायमरच्या २६ रुग्णांना १२ आठवडे कीटो आणि १२ आठवडे नेहमीचा कमी चरबीचा आहार, असं आलटून पालटून दिलं. २०२१ मध्ये आलेल्या निकालात रोजचे व्यवहार आणि जगण्याचा दर्जा सुधारलेला दिसला, स्मरणशक्तीच्या चाचणीत मात्र खात्रीने म्हणावा असा फरक नव्हता. आशा वाटावी असं आहे, सासऱ्यांचं ताट बदलावं एवढं नाही. आणि त्यांचं विसरणं नेमकं कशामुळे आहे हे तरी तपासलंय का? बी-१२ किंवा थायरॉइडची कमतरता असेल तर उपाय फार सोपा आहे.

त्यांच्या गोळ्यांची पाकिटं काढून बघा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेलं काही आहे का? किंमती उतरल्यापासून आपल्याकडे या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात, आणि त्या चांगल्याच आहेत. त्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्यांच्यावर कीटो आहार चढवला तर कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. तुमच्या मुलीच्या रक्तात हवे असलेले कीटोन मर्यादेत असतात, कारण तिचं इन्शुलिन त्यांना आवरतं. इथे तो लगाम सुटतो. कपटीपणा असा की रक्तातली साखर फार वाढलेली दिसत नाही, म्हणून उलट्या आणि धाप लागलेल्या माणसाची साखर बघून घरचे, कधी कधी दवाखान्यातलेही, निर्धास्त राहतात. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर उलटा धोका, साखर एकदम खाली जाण्याचा. मधुमेहासाठी कर्बोदकं कमी करणं चांगलंच, पण ते गोळ्यांचे डोस बदलत, त्यांच्या डॉक्टरांसमोर. तेव्हा एकच स्वयंपाक नाही. घरात दोन वेगळे स्वयंपाक होणार हे धरूनच चाला, आणि सुरुवातीचे काही आठवडे मुलीच्या समोर शिरा, बटाटेवडे करू नका एवढी मागणी घरच्यांकडे करा.

पहिल्या भेटीला येताना मुलीच्या तीन दिवसांच्या खाण्याची नोंद आणा, खरीखुरी, बिस्किटांसकट. मोबाइलवर झटक्यांचे व्हिडिओ, सगळे ईईजी आणि एमआरआय, आणि घरात असलेल्या प्रत्येक सिरपचा मागच्या बाजूचा फोटो. आणि जाताना डॉक्टरांच्या सहीशिक्क्याची एक चिठ्ठी मागून घ्या. तिच्या तीन प्रती करा: एक दप्तरात, एक तुमच्या पर्समध्ये, एक वर्गशिक्षिकेकडे. मजकूर साधारण असा असावा: ‘ही मुलगी वैद्यकीय कीटोजेनिक आहारावर आहे. सलाईन लावायचं झाल्यास डेक्स्ट्रोज नसलेलं लावावं. रक्तातली साखर खूप खाली गेली असेल तरच अपवाद. साखर असलेलं सिरप देऊ नये. लघवीत कीटोन अपेक्षित आहेत.’ खाली डॉक्टरांचा फोन नंबर. रात्री-अपरात्री जवळच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तिथले लोक सवयीने डीएनएसची, म्हणजे डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) असलेल्या सलाईनची बाटली लावतात. ती लावण्याआधी ही चिठ्ठी त्यांच्या हातात पडायला हवी.